नसेवरची गाठ आणि ‘ग्रोथ फॅक्टर’

केस वाढवण्याच्या जाहिरातींमुळे ‘ग्रोथ फॅक्टर’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. पुंडलिकनगरमध्ये एक आई मुलाचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन आली. त्यात ‘न्यूरोफायब्रोमा’ लिहिले होते, म्हणजे नसेच्या आवरणाची साधी, कर्करोग नसलेली गाठ. नेटवर वाचून तिने विचारले, “सर, ह्याची प्रोटीन पावडर बंद करू का? ग्रोथ फॅक्टरमुळेच वाढल्या ना गाठी?”

प्रश्न चुकीचा नव्हता, पण दोष पावडरचा नाही. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारी प्रथिने. ती प्रत्येकाच्या शरीरात असतात, नाहीतर जखमच भरली नसती. निरोप पोहोचला की पेशीत ‘रास’ नावाचे प्रथिन चालू होते आणि काम झाले की न्यूरोफायब्रोमिन त्याला बंद करते. १७व्या गुणसूत्रावरच्या एनएफ-१ जनुकात बिघाड झाला की हा ब्रेकच निकामी होतो. मग नसेभोवतीच्या श्वान पेशी थोड्याशा निरोपावरही वाढत राहतात. त्या स्वतःही रसायने सोडतात, मास्ट पेशींना बोलावून घेतात आणि त्या आणखी ग्रोथ फॅक्टर ओततात. आहाराने हे चक्र सुरू होत नाही आणि पथ्याने थांबतही नाही.

मात्र ‘याला काही इलाज नाही’ असे सांगणेही आता बरोबर नाही. रासचा निरोप पुढे जाऊ न देणाऱ्या सेल्युमेटिनिब या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते नसांच्या जाळ्यात पसरलेल्या, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या गाठींसाठी आहे, त्वचेवरच्या प्रत्येक फोडासाठी नव्हे. एकच गाठ असेल आणि त्रास नसेल तर बहुतेकदा नुसते लक्ष ठेवणे पुरते. गाठ झपाट्याने वाढली, सतत दुखू लागली किंवा हातापायाची ताकद गेली, तर थांबू नये.

माझा आक्षेप आम्हा डॉक्टरांवरच आहे. अंगावरचे कपडे बाजूला न करताच आम्ही ‘चरबीची गाठ आहे, सोडून द्या’ म्हणतो. मीही म्हटले आहे. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक मोठे डाग आणि काखेत बारीक ठिपके दिसले, तर एनएफ-१चा संशय घ्यायला महागडी तपासणी लागत नाही, उजेड लागतो.

या मुलाच्या पाठीवर मी नऊ डाग मोजले. आई बघत होती. मग तिने हळूच बाही वर केली. “असल्या गाठी माझ्याही हातावर आहेत. बाळंतपणानंतर वाढल्या. कोणाला दाखवल्या नाहीत.”

या आजारात रक्तदाब वाढू शकतो आणि स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी वयातच जास्त असतो. म्हणून त्या दिवशी दुसरा केसपेपर तिच्या नावाने काढला.