अर्धा किलो बाकरवडी

परवा रात्री मावशीचा फोन आला. तिच्या नातवाने या मार्चमध्ये अंदमानला जाऊन स्कूबाचा कोर्स केला. आता स्वारी पाठीवर सॅक टाकून महिनाभर इंडोनेशियात भटकायला निघाली आहे. "स्वतःचं सगळं सामान नेणार म्हणतोय. तुझं ऐकतो तो, तूच काय ते सांग," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे बहुतेक पाठीला ऑक्सिजनचं नळकांडं बांधून विमानाच्या पायऱ्या चढणारा नातू असावा.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी यादी पाठवली. प्रवासासाठी खास बनवलेलं हलकं बीसीडी (हवा भरायचं जाकीट), दोन किलो. रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र), दीड किलो. आखूड फिन्स, दीड किलो. वेटसूट, दीड किलो. मग मास्क, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च. सगळं आठ किलोच्या आत! वजनाची बेरीज त्याने केली होती, किमतीची केली नव्हती. ती मी केली आणि थोडा वेळ गप्प बसले.

पण खरी गप्प बसले ती यादीची शेवटची ओळ वाचून. 'फुगा: तिकडे देतात, नको.'

फुग्याकडे मी येतेच. आधी बाकीच्या यादीबद्दल माझं मत सांगते.

आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांनी मालवणला स्कूबा केलंय. पण तिथे शिक्षक तुम्हाला धरून नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो, त्यामुळे सामानाचा विचार करायची वेळच येत नाही. सर्टिफिकेट मिळाल्यावर मात्र दुकानाच्या काचेतलं सगळं आपल्याला हवंसं वाटायला लागतं. त्यातून 'ट्रॅव्हल' असं लिहिलेलं असेल तर बघायलाच नको. मीही त्यातून गेलेय. माझं हलकं जाकीट माळ्यावर आहे, ज्यांना लागेल त्यांनी घेऊन जा.

आता मजा बघा. ज्या सामानामुळे आपण पाण्याखाली राहू शकतो, त्यातलं सर्वात जड ते आपण कधीच नेत नाही. नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामीच साधारण चौदा किलोची. त्यात अकरा लिटरच्या जागेत २०० पट दाबाने हवा कोंबलेली असते. (ऑक्सिजन नव्हे, मावशी. आपली साधी हवाच.) ती नुसती हवाच अडीच किलोच्या वर भरते. म्हणजे माझ्या सॅकमधल्या सगळ्या कपड्यांपेक्षा माझा तासाभराचा श्वास जड! शिवाय कमरेला शिशाचे तुकडे. हे सगळं तिकडेच भाड्याने घ्यायचं असतं. म्हणजे 'माझं सगळं सामान माझ्याबरोबर' हा प्रकार मुळात नाहीच. उरतो प्रश्न रेघ कुठे मारायची एवढाच.

माझी रेघ अशी: जे माझ्या अंगाला बेतलेलं हवं, जे माझा हिशेब ठेवतं, आणि जे मला दुसऱ्यांना दाखवतं, ते माझ्या सॅकमध्ये. बाकी सगळं भाड्याने.

अंगाला बेतलेला म्हणजे मास्क. दोनशे ग्रॅमच्या आसपासची वस्तू, पण ती गळत असेल तर प्रवाळ राहिलं बाजूला, तुम्ही तासभर नाकातलं पाणी काढत बसता. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकाने हलकाच श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर आपला. मिशीवाल्यांनी नाकाखालची बारीक पट्टी तासायची तयारी ठेवावी, नाहीतर पाणी तिथूनच आत येतं. माझा चष्मा उणे साडेचार. एकसंध काचेचे घडी होणारे मास्क सॅकेत मस्त मावतात, पण त्यांत नंबरच्या काचा बसवता येत नाहीत. त्यासाठी दोन काचांचा मास्क लागतो. म्हणून माझा मास्क शंभर ग्रॅम जड आहे आणि मला कासव कासवासारखं दिसतं.

हिशेब ठेवणारा म्हणजे कॉम्प्युटर. किती खोल, किती वेळ, अंगात किती नायट्रोजन मुरला आणि अजून किती वेळ थांबता येईल, हे तो सांगतो. भाड्याचा कॉम्प्युटर काल दुसऱ्याच्या मनगटावर होता, त्याच्या पोटात त्या माणसाचा हिशेब. तुमचा कालचा हिशेब भलतीकडेच. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. रोज बेट बदलणाऱ्या भटक्याला ते लक्षात ठेवणारं कोणीतरी बरोबर हवंच.

वेटसूट नको. कॅटलॉगमधलं वजन कोरड्या सुटाचं असतं आणि निघायच्या दिवशी तो हटकून ओला असतो. अंदमानात काय, कोमोडोच्या उत्तर भागात काय, पाणी बऱ्यापैकी उबदार. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा पातळ सदरा घ्यावा, तो उन्हापासून वाचवतो आणि रात्रीत वाळतो. जाकीट, फिन्स, रेग्युलेटर तिकडेच घ्यावेत. दुसऱ्याने चावलेलं रबर तोंडात घ्यायची किळस येते? मलाही येते. म्हणून मी फक्त माउथपीस नेते. ते एका प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेलं असतं, दुकानातला पोरगा दोन मिनिटांत बदलून देतो. दीड किलोचं काम काही ग्रॅममध्ये झालं.

मात्र भाड्याचं सामान आंधळेपणाने घ्यायचं नाही. जाकीट पूर्ण फुगवून कान लावायचा, कुठे फुसफुस होतेय का. रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना काट्याकडे बघायचं. प्रत्येक श्वासाला काटा हलत असेल तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही. हवेला तेलाचा वास असेल तर ती टाकी सरळ परत द्यायची, भिडेखातर घ्यायची नाही. महिन्याला डाइव्ह करणाऱ्यांनी किंवा ज्यांच्या मापाचं भाड्याने मिळतच नाही त्यांनी स्वतःचं सगळं जरूर न्यावं. वर्षातून दहा डाइव्ह करणाऱ्या भाच्यासारख्यांनी ते पैसे आणखी दहा डाइव्हना वापरावेत.

आणि आता फुगा.

गोष्ट ऑगस्ट २०१९ ची. (आई, तू हे पहिल्यांदाच वाचत्येस. म्हणून शेवट आधी सांगते: मी घरी व्यवस्थित पोचले. तुला बाटिकचं कापड आणलं होतं, ते याच ट्रिपचं.) कोमोडोला निघायच्या आदल्या रात्री सॅक वजनकाट्यावर ठेवली, बरोबर सात किलो. हातसामानाची मर्यादा सातच. मी खूश. तेवढ्यात सासूबाईंनी अर्धा किलो बाकरवडीचा पुडा आणून ठेवला. नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि खरं तर इच्छाही नव्हती. मग काहीतरी काढायला हवं. हाताला लागला नारिंगी फुगा आणि त्याच्या दोरीची रीळ, मिळून जेमतेम अर्धा किलो. हा फुगा म्हणजे माणसाएवढी लांब पिशवी. पाण्याखालूनच हवा भरून वर सोडायची, म्हणजे बोटीला दिसतं की खाली आपलं माणूस आहे. मी म्हटलं, तिकडे देतात. अगदी हेच शब्द.

तिकडे एकच फुगा होता, गाइडकडे. चार जणांत एक, आणि तसं बऱ्याच ठिकाणी असतं.

पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरतं ते त्या भागातल्या बेटांमधल्या खिंडींतून. वर भरती-ओहोटी. पाणी नदीसारखं धावतं. तिसऱ्या दिवशी एका खडकाशी मी कासव बघत दोन क्षण जास्त रेंगाळले आणि प्रवाहाने मला खडकाच्या दुसऱ्या अंगाने नेलं. बाकीचे दिसेनात. शिकवल्याप्रमाणे एक मिनिट शोधलं, मग हळूहळू वर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबले. सगळं पुस्तकाबरहुकूम. डोकं पाण्याबाहेर काढलं तर बोट हाताच्या नखाएवढी, आणि भलत्याच बाजूला.

मी हात हलवला, ओरडले. काळा सूट, भाड्याच्या काळ्या फिन्स, लाटांत नारळाएवढं डोकं. जाकिटाच्या शिटीच्या जागी नुसती दोरी होती, सकाळी मी ती बघितलीच नव्हती. बोट खडकाभोवती फेऱ्या मारताना दिसत होती, पण बोटीवरून मी दिसत नव्हते. जून २००८ मध्ये याच कोमोडोत पाच युरोपीय पाणबुडे असेच वाहून गेले होते आणि दोन दिवसांनी रिंचा बेटावर सापडले. कोमोडो ड्रॅगनला त्यांनी दगड मारून लांब ठेवलं होतं. हे मी निघायच्या आधी मोठ्या हौसेने वाचलं होतं. ते नेमकं तिथे आठवावं!

कॉम्प्युटरप्रमाणे बेचाळीस मिनिटं गेली. नावाड्याने पाणी कुठे ओढतंय याचा अंदाज बांधून बोट तिकडे आणली म्हणून मी सापडले. मला वर घेताना तो एक शब्द बोलला नाही. पण माझ्या पाठीवरची टाकी सोडवताना त्याचे हात थरथरत होते. गाइड फळीवर बसून होता, पंचविशीचासुद्धा नसेल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवून डोळे पुसले.

माझं वजन मी किती छान कमी केलं होतं! काढलेला अर्धा किलो कुठे गेला ते तेव्हा दिसलं. तो त्या दोघांनी बेचाळीस मिनिटं वाहिला. थोडा उशीर झाला असता तर तुम्ही सगळ्यांनी वाहिला असता, घरी फोन आल्यावर. त्या रात्री मी पुडा बोटीवर फोडला. सगळ्यांनी मिळून संपवला. तिखट खाणारी माणसं ती, गोड आहे म्हणाली.

हलकी सॅक मला अजूनही आवडते. पण आता एखादी वस्तू बाहेर काढताना मी विचारते, ही नसेल तर भार कोणावर? जाकिटाचा दुकानावर, त्याचे मी पैसे मोजते. फुग्याचा भार मात्र पैसे देऊन कोणाच्या गळ्यात घालता येत नाही. आणि नुसता नेऊनही भागत नाही. तो खालून सोडायचा सराव आधी उथळ पाण्यात शिक्षकाबरोबर करावा, कारण दोरी कुठे अडकली तर तो तुम्हालाही वर ओढत नेईल.

भाच्याला एवढं सगळं लिहून पाठवलं. रात्री उशिरा उत्तर आलं. "जाकीट कॅन्सल. फुगा आणि शिटी घेतली. आज्जी बाकरवडी देतेय, त्याचं काय करू?"

म्हटलं, घे की. एक टी-शर्ट कमी कर.