मासेमारी अनुदानाचा जागतिक करार: आपल्या मच्छीमारांनी काय ओळखावे?

जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य अनुदान करार १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. जून २०२२ मध्ये जिनिव्हा येथे तो संमत झाला होता. लागू होण्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे १११ सदस्य देशांची मान्यता हवी होती. ती मिळायला तीन वर्षे लागली. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तो आज आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही किनाऱ्यावरील प्रत्येक नाखव्याने, मच्छीमार संस्थेने आणि विस्तार कार्यकर्त्याने तो समजून घ्यायला हवा.

कराराची गरज का पडली?

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या आढाव्यानुसार जगातील सुमारे ३५ टक्के सागरी मत्स्यसाठ्यांवर मर्यादेपेक्षा जास्त मासेमारी होते. दुसरीकडे, २०१८ मध्ये जगभरातील सरकारांनी मासेमारीला सुमारे ३५ अब्ज डॉलरचे अनुदान दिले आणि त्यातील सुमारे २२ अब्ज डॉलर बोटींची क्षमता वाढवणारे होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. गायरानात गवत संपत आले असताना जनावरे वाढवायला पैसे द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

करारात कशाला बंदी आहे?

- बेकायदेशीर, नोंद नसलेल्या किंवा अनियंत्रित मासेमारीत गुंतलेल्या बोटीला वा मालकाला अनुदान देणे.
- साठा घटलेल्या माशांच्या मासेमारीला अनुदान देणे. मात्र तो साठा पुन्हा वाढवण्याचे उपाय चालू असतील तर सूट आहे.
- कोणत्याही देशाच्या वा प्रादेशिक संस्थेच्या नियंत्रणात नसलेल्या खोल समुद्रातील मासेमारीला अनुदान देणे.

पहिल्या दोन बाबींत विकसनशील देशांना स्वतःच्या २०० सागरी मैलांच्या हद्दीपुरते दोन वर्षे तंट्यापासून संरक्षण आहे. धान्याच्या सरकारी साठ्यासाठी २०१३ मध्ये बाली परिषदेत मिळालेले 'शांती कलम' शेतकऱ्यांना आठवत असेल. हे त्याच जातीचे कलम आहे.

भारताचा आक्षेप काय?

खरा वाद पुढच्या टप्प्याचा आहे. गरजेपेक्षा जास्त बोटी आणि जास्त मासेमारीला खतपाणी घालणाऱ्या अनुदानांवर अजून एकमत नाही. २०२४ च्या अबूधाबी परिषदेतही तोडगा निघाला नाही. भारताचे म्हणणे असे, की दूरच्या समुद्रात मोठी जहाजे पाठवणाऱ्या देशांनी ही अनुदाने २५ वर्षे थांबवावीत आणि विकसनशील देशांना २५ वर्षांचा संक्रमण काळ द्यावा. आपण एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर देतो, काही श्रीमंत देश हजारो डॉलर देतात, असे भारताने जिनिव्हात मांडले होते.

ही बाजू न्याय्य आहे. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा बंद झाला, तर लहान यांत्रिक बोटीचे गणित कोलमडेल. खोल समुद्रातील कारखान्यासारख्या जहाजाला आणि सातपाटीच्या बोटीला एकाच मापाने मोजता येणार नाही.

मग आपली कमजोरी कुठे?

घरात. कराराच्या भाषेत 'नोंद नसलेली' मासेमारी हाही दोषच आहे. करार स्वीकारणाऱ्या देशांना आपले साठे, बोटींची क्षमता आणि पकड यांची माहितीही कळवावी लागते. पकडीची वही नसेल, बोटीची नोंदणी जुनी असेल, तर प्रामाणिक मच्छीमारालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

दुसरी कमजोरी लहान मासळीची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवले. पापलेटचा आकार १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट जाळ्यात घेतले, तर ते अंडी घालण्याआधीच संपते आणि पुढच्या हंगामाची मासळी आज कवडीमोलाने विकली जाते. हे नुकसान कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम आणले. यांत्रिक आणि मोठ्या मोटारचलित बोटींना 'रिअलक्राफ्ट' पोर्टलवरून विनाशुल्क प्रवेश पास घ्यावा लागतो. पारंपरिक आणि लहान बोटींना त्यातून सूट आहे. एलईडी दिव्यांची मासेमारी, जोडीने आणि बुल ट्रॉलिंग यांना बंदी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या योजनेत एक लाख बोटींवर मोफत ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. वादळाच्या वेळी संदेश मिळावा हा त्याचा पहिला उपयोग. बोट कुठे होती याचा पुरावा हा दुसरा.

आता काय करावे?

- बोटीची नोंदणी, परवाना आणि विमा यांची मुदत तपासा. नूतनीकरण हंगाम सुरू होण्याआधी करा.
- प्रत्येक फेरीची तारीख, जाळ्याचा प्रकार, मासळीची जात आणि वजन साध्या वहीत लिहा. संस्थेने दर महिन्याला एकत्र नोंद ठेवावी.
- ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या भागाचा आस ४० मिलिमीटर चौकोनी ठेवा.
- १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी काटेकोर पाळा.
- विस्तार कार्यकर्त्यांनी ५४ प्रजातींच्या आकाराचा तक्ता बंदरावर आणि लिलावाच्या जागी लावावा. खरेदीदारांनाही तो समजावून सांगावा, कारण लहान मासळीला गिऱ्हाईक आहे तोवर ती जाळ्यात येतच राहणार.

महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. सातबारा आणि पीक पाहणीशिवाय शेतकऱ्याला विमा वा मदत मिळत नाही, तसेच समुद्रातही होणार आहे. समुद्राला सातबारा नाही. तिथे आपली नोंदवही आणि परवाना हाच उतारा. सर्वसमावेशक नियम चार वर्षांत ठरले नाहीत, तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याखेरीज हा करार आपोआप संपतो. म्हणजे २०२९ पर्यंत वाटाघाटी तापलेल्या राहतील. त्या टेबलावर आपल्या प्रतिनिधींच्या हाती आकडे द्यायचे असतील, तर ते आपल्या बंदरातूनच जायला हवेत.