लोकल सुरू झाली म्हणजे मुंबई सावरली?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला जेमतेम ७३. तरी काही दिवसांत लोकल धावू लागल्या आणि मुंबई पूर्वपदावर आल्याचं साऱ्या शहराच्या वतीने ठरून गेलं. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हाही दुसऱ्या दिवशी कामावर निघालेल्या गर्दीच्या हिमतीचं कौतुक झालं.

हे कौतुक मला अन्यायाचं वाटतं. कुर्ला-कलिन्याच्या बैठ्या चाळीतला माणूस घरातला चिखल तसाच टाकून निघतो, तो खाडा झाला की रोज बुडतो म्हणून. त्याच्या नाइलाजाला शौर्य म्हटलं की त्याला रजा देण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही. तलाठी पंचनाम्याला आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर भरपाईच्या यादीत त्याचं नाव लागणार कसं? शिवाय पाणी ओसरलं तरी संकट ओसरत नाही. उंदरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात मिसळलेले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. त्यातून होणारा लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी चढतो. २००५च्या ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली, तेव्हा लोकल धावतच होत्या.

मग सगळं सावरेपर्यंत शहर बंदच ठेवावं, असं काही कळवळ्याने म्हणतात. त्यांचा कळवळा खरा आहे, पण बंदची झळ हातावर पोट असलेल्यांनाच आधी लागते. शाळा बंद म्हणजे पोरांची दुपारची खिचडीही बंद.

सर्वांना एकच तारीख लावणं हीच मुळात चूक आहे. पाणी, दवाखाना, रेशन, लोकल हे सगळ्यात आधी सुरू व्हावं. शाळेत खिचडी लगेच शिजावी, परीक्षा मागाहून घ्याव्यात. हजेरीची सक्ती आणि कर्जाचे हप्ते सर्वांत शेवटी. ज्याला कामावर जायचंय त्याला गाडी मिळावी. ज्याला घर उपसायचंय त्याचा पगार कापला जाऊ नये, आणि रोजंदारीवाल्याचा बुडालेला रोज सरकारने भरून द्यावा. निदान पंचनामा होईपर्यंत तरी ही सवलत कायद्याने मिळायला हवी. आणि सारं सुरळीत झाल्याचं मंत्रालयातून जाहीर करू नये. वॉर्ड ऑफिसने ते वस्तीवार सांगावं, तेही पंचनामे पुरे झाल्यावर आणि दोन आठवडे घरोघर तापाची तपासणी केल्यावर.