गारेची कांच

न्यायशास्त्र वाचलेल्या वाचकांस 'करके'चा वाद आठवत असेल. करका म्हणजे गार. द्रवत्व हा जर जलाचा धर्म, तर गार कठीण कां? मुक्तावलीकारांचें उत्तर असें, कीं गारेचें द्रवत्व अदृष्टानें अडविलेलें असतें आणि तिचा कठीणपणा हा केवळ भ्रम. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यावर, आमच्या धाराशिव जिल्ह्यावरही, जी गारपीट झाली, ती सोसलेल्या शेतकऱ्यास हा भ्रम कोणीं पटवावा!

आतांचें शास्त्र अदृष्टाच्या जागीं रेणूंची रचना ठेवतें. बर्फांत प्रत्येक रेणूभोंवतीं चार शेजारी नियमानें उभे असतात. मध्यें पोकळी राहते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. १९८४ सालीं कॅनडांत मिशिमा, कॅल्व्हर्ट व व्हॅली यांनीं उणे १९६ अंशांवर बर्फ हवेच्या दाबाच्या सुमारें दहा हजारपट दाबाखालीं चेपला. स्फटिकरचना मोडून कांचेसारखा अस्ताव्यस्त बर्फ झाला. दाब काढल्यावरही त्याची घनता १.१७, म्हणजे पाण्याहून अधिक.

आंत काय घडलें हें पाहण्यास गणकयंत्र उपयोगी पडतें. कांहीं शें रेणू कल्पावे, त्यांचें आकर्षण-प्रतिसारण मांडावें, आणि न्यूटनच्या नियमांनीं प्रत्येकाची जागा क्षणोक्षणीं काढीत जावें. ही रीत द्रवांस प्रथम लावणारे अनीसुर रहमान १९२७ सालीं हैदराबादेस जन्मले. आमचा जिल्हा तेव्हां त्याच निजामी राज्यांत होता; येथील शाळांतून हें नांव मुलांस सांगावें असें आम्हांस वाटतें. १९७१ सालीं त्यांनीं स्टिलिंजरसह पाण्याचे २१६ रेणू असे चालवून पाहिले. पुढें १९८० सालीं पारिनेलोसह त्यांनीं काढलेल्या युक्तीनें, रेणू ज्या कल्पित पेटींत असतात ती पेटीच दाबाखालीं आक्रसूं व आकार बदलूं लागली. दाबलेल्या बर्फांत चौघांच्या घरांत पांचवा शिरतो, पण मधल्या रेणूशीं धड जोडला जात नाहीं. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हें अधिक समजाविणें नको.

मात्र प्रयोगांत जो दाब मिनिटांनीं चढतो, तो यंत्रांत सेकंदाच्या अब्जांशांच्या हिशेबानें चढवावा लागतो. म्हणून हें अनुमान. प्रत्यक्षाची जोड त्यास हवीच. १९९२ सालीं बॉस्टन विद्यापीठांतील गणितानें सुचविलें, कीं अतिशीत पाण्याचे दोन निराळे द्रव संभवतात, आणि हलका व जड असे दोन अस्फटिक बर्फ हीं त्यांचींच गोठलेलीं रूपें. २०२३ सालीं लंडनच्या संशोधकांनीं त्याच थंडींत पोलादी गोळ्यांनीं बर्फ कुटला, तों घनता १.०६ असलेला तिसराच प्रकार हातीं आला! मग गणितांत बर्फाचे थर एकमेकांवरून वारंवार सरकविले, तेव्हां तशीच रचना मिळाली. हा तिसरा त्या दोन द्रवांपैकीं कोणाचा, कीं कोणाचाच नव्हे, याचा वाद अद्याप चालू आहे.