विसण

आमच्या पेणच्या घरात न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. वरून एक तांब्या गार पाणी ओतले की तोटीतून एक तांब्या कढत पाणी निघे. ते तसेच अंगावर घेण्याची छाती घरात कोणाची नव्हती. आई बादलीत आधी कढत पाणी काढी, मग त्यात विसण घाली आणि कोपर बुडवून पाही. कोपराने होकार दिला की आम्ही पाटावर बसायचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात आठ अंघोळी होत, पण कोणाला कधी चटका बसल्याचे मला आठवत नाही. त्या कोपराची किंमत मला कळली ती यंदाच्या गणपतीत, रोह्याला.

रोह्याला माझी थोरली बहीण असते. ताईचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले आणि मधुमेह जुना. लहानपणी आजीबरोबर पालीजवळच्या उन्हेऱ्याला गरम पाण्याच्या कुंडांत बसल्याची आठवण ती वर्षातून चारदा तरी काढते. ती ऐकून ऐकून भाच्याने सहा वर्षांपूर्वी घरामागच्या पडवीत गरम पाण्याचा मोठा टबच बसवला. ओळखीच्या एकाच्या बंगल्यातून जुना मिळाला. चार माणसे बसतील एवढा, बाराशे लिटर पाण्याचा, आतून फवारे मारणारा. शेजारीपाजारी हसले. मीही हसलो. पण वाचकहो, हे चैनीचे सोंग मुळात चैनीसाठी निघालेच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या जकूझी कुटुंबाचा धंदा पंपांचा. त्यांच्यातल्या कँडिडो जकूझींच्या मुलाला लहानपणीच संधिवाताने गाठले, तेव्हा त्याच्यासाठी घरच्या टबात बुडवायचा एक पंप त्यांनी तयार केला, आणि १९५६ साली तो बाजारात आला. ताईलाही गुण येत होता. जिना उतरताना ती कठडा सोडू लागली, तेव्हा मी हसायचे बंद केले.

यंदा ज्येष्ठात विजा कडाडल्या आणि टबाचा कंट्रोल गेला. कंट्रोल म्हणजे त्या टबाचा मेंदू. पाणी किती तापले हे पाहायचे, हीटर चालू-बंद करायचा, पंप फिरवायचा, आणि काही बिनसले तर सगळे थांबवायचे. पेटी उघडली तर आत एक वाळलेली पाल, रिलेवर मुंग्यांचे वारूळ आणि पट्टीवर काळा डाग. गुन्हा विजेचा, पालीचा की मुंग्यांचा, याचा निकाल लागला नाही. कोकणात हे तिघे मिळूनच येतात.

श्रावणात ताईचे गुडघे बोलू लागले. कोणा वायरमनने तोड काढली. हीटरच्या दोन वायरी सरळ जोडल्या, भिंतीवर एक बटण दिले. तापले की बंद करायचे, तात्पुरते. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींना दीर्घायुष्याचे वरदान आहे. महिनाभर सगळे सुरळीत चालले. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी मात्र घर पाहुण्यांनी भरलेले, बटण दाबलेले, आणि ते कोणी दाबले हे कोणालाच आठवत नव्हते. रात्री ताई नेहमीप्रमाणे टबाच्या पायरीवर बसली आणि घोट्यापर्यंत पाय सोडून पंधरा मिनिटे गप्पा मारत राहिली. "आज छान ऊब आहे," असेही म्हणाली. मग तिच्या नातवाने कडेवरून हात घातला आणि किंचाळलाच, "आजी, पाणी भाजतंय!"

पाय लालभडक झाले होते. सकाळी डाव्या तळव्याला फोड आला. डॉक्टरांनी टाचणीने तळव्यांना टोचून पाहिले तर दहांपैकी सहा ठिकाणी ताईला काहीच कळेना. जुन्या मधुमेहात पायांचे मज्जातंतू असे हळूहळू मुके होतात. जखम भरायला पाच आठवडे लागले, आणि त्यातले पहिले दोन आम्ही कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. मधुमेह्याच्या पायाची साधी जखम कुठवर जाऊ शकते, हे डॉक्टरांनी फार सौम्य शब्दांत सांगितले होते, पण आम्हाला ते पुरेसे कळले.

हे घडले कसे, याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणजेच ८६० लिटर पाणी एक अंशाने तापवण्याइतकी उष्णता. तीन किलोवॅटचा हीटर बाराशे लिटरांना तासाला दोन अंशांहून थोडे अधिक चढवतो. आदल्या दिवशीचे ३८ अंशांचे झाकलेले पाणी चार तास विसरले गेले की ४६ च्या वर जाते. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने अशा टबांना कमाल मर्यादा सांगितली ती ४० अंशांची. आकड्यांत फरक सहाचाच, पण धडधाकट माणूस त्या सहा अंशांत पाय झटकन काढून घेतो आणि ताईच्या पायांना तेवढेच उरले नव्हते.

मग नवा कंट्रोल निवडायची वेळ आली. पितृपक्ष चालू असल्याने ताईने खरेदीला मना केले, ते एका अर्थी बरेच झाले. पंधरा दिवस निवांत विचाराला मिळाले. मी पेणहून दिवा-रोहा गाडीत बसायचो आणि कासू, नागोठणे, निडी येईपर्यंत भाच्याने पाठवलेली माहितीपत्रके वाचत जायचो.

वायरमनचे म्हणणे, गीझरचा थर्मोस्टॅट बसवू, स्वस्तात काम होईल. थर्मोस्टॅट ही जुनी, गुणी वस्तू. अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली तिचे पेटंट घेतले. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्या की तापताना त्या सारख्या वाढत नाहीत, त्यामुळे वाकतात, आणि वाकता वाकता विजेची वाट तोडतात. पण गीझरचा थर्मोस्टॅट गीझरसाठी असतो. त्याने साठ अंशांचे पाणी चार-पाच अंश इकडेतिकडे केले तरी बिघडत नाही, कारण बादलीत आपण विसण घालणार असतो. टबात माणूस स्वतःच बसतो. तिथे विसण घालायला दुसरी बादली नाही.

भाच्याचा जीव रंगीत दिव्यांच्या एका कंट्रोलवर जडला होता. तो मोबाइलवरून चालतो. "मामा, मी ठाण्याहून निघतानाच पाणी तापत ठेवता येईल!"

"अरे, पण इथे पाणी किती तापलंय, हे तुझ्या आईच्या पायांना ठाण्याहून कोण सांगणार?" मी म्हणालो. तो गप्प झाला. गौरीच्या रात्रीचे ते बटण कदाचित आपणच दाबले असावे, असे त्याच्या मनात अजून आहे. ते मला ठाऊक होते, म्हणून मी पुढे बोललो नाही.

तिसरा सल्ला धाटावच्या कारखान्यात नोकरी केलेल्या एका शेजाऱ्यांचा. कारखान्यात भट्ट्यांना लावतात तसा आकडे दाखवणारा नियंत्रक घ्यावा, जोडीला दणकट काँटॅक्टर, आणि पेटी इथेच बांधून घ्यावी. हा सल्ला मला मनापासून आवडला. तो नियंत्रक अंशाच्या दशांशापर्यंत तापमान धरतो आणि बिघडला तर रोह्यातच दुरुस्त होतो. पण पंप बंद पडून हीटरच्या नळीतले पाणी वाहायचे थांबले, तर ते काही मिनिटांत उकळू लागते. नियंत्रकाचा सेन्सर टबात असेल तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वाहते पाणी ओळखणारा स्विच वेगळा, नळीवरचा दुसरा सेन्सर वेगळा, आणि पहिला फसला तरी वीज तोडणारा कट-आउट पुन्हा वेगळा. हे सगळे जोडत गेलो तर पेटी बांधणाऱ्याच्या हुशारीवर सगळा भार. तो हुशार होता. पण त्याने ती पेटी आयुष्यात प्रथमच बांधली असती.

शेवटी घेतली ती टबांसाठीच बनवलेली पुरी पेटी. आत हीटर, दोन सेन्सर, प्रवाहाचा स्विच आणि कट-आउट, सगळे एका घरचे. विक्रेता म्हणत होता, जुने सेन्सर चांगले असतील तर नुसती पट्टी घ्या, तिसऱ्या हिश्शात काम होईल. मी नको म्हटले. या सेन्सरांत थर्मिस्टर असतो. तापले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि तो किती कमी झाला यावरून पट्टी अंश ठरवते. प्रत्येक कारखान्याचे कोष्टक वेगळे. एकाचा थर्मिस्टर आणि दुसऱ्याची पट्टी म्हणजे इंचाच्या पट्टीने सेंटिमीटरचे कापड मोजणे. पडद्यावर ३८ दिसतील आणि पाण्यात ४३ असतील.

आणखी एका गोष्टीवर आम्ही जवळजवळ फसलो होतो. दाखवलेली पहिली पेटी अमेरिकेतल्या विजेसाठी होती, ६० हर्ट्झची. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तीन किलोवॅटचा हीटर तेरा अँपिअर खेचतो, दीड अश्वशक्तीचा पंप वर सात. सोळा अँपिअरच्या घरगुती प्लगवर हे दोघे एकदम चालवले तर प्लग काळा पडतो. चांगल्या पेटीत एक छोटी खूण फिरवून ठेवता येते, म्हणजे पंप जोरात असताना हीटर आपोआप थांबतो. आम्ही तरीही स्वतंत्र जाड वायर ओढली, अर्थिंग नव्याने केले, आणि तीस मिलिअँपिअर गळतीला तुटणारा स्विच बसवला. ओल्या माणसाच्या अंगाला लागून असलेल्या यंत्राला हा स्विच नसेल, तर बाकीचे काहीही निवडू नये असे माझे मत आहे. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे काम भाचेसुनेने विजेचे बिल भरायच्या दिवसाला जोडून टाकले आहे. पेटी जमिनीपासून चार फूट वर टांगली, वायरींची भोके रबराने बंद केली. पाल आणि मुंग्या आता दुसरे घर शोधतील. विजेसाठी सर्ज प्रोटेक्टर लावला आहे, पण ढग गडगडले की मेन स्विच खाली, हा जुना उपाय मी सोडायला तयार नाही.

घटस्थापनेला पेटी चालू झाली. २७ अंशांचे पाणी ३८ वर यायला पाच तास लागले, कागदावर आले होते तितकेच. मी प्रयोगशाळेतला काचेचा तापमापक नेला होता. पडदा ३८ दाखवी तेव्हा पारा ३७.८ वर. मग कमाल अंश ३९ वर बांधून कुलपाची कळ दाबली. आता नातवाने कितीही टिचक्या मारल्या तरी आकडा वर सरकत नाही. डॉक्टरांनी ताईला परवानगी दिली ती ३७ अंशांची, पंधरा मिनिटांची, तळव्याची कातडी पुरी धरल्यानंतरची, आणि दर वेळी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आधी हात घालून पाहण्याच्या अटीवर. नातवाने ते खाते स्वतःकडे घेतले आहे. तो मनगट नाही घालत, कोपर घालतो. हे त्याला कोणी शिकवले ते मी विचारले नाही.

कोजागरीला ताई पहिल्यांदा उतरली. पाच मिनिटे काही बोलली नाही. मग म्हणाली, "उन्हेऱ्याचं पाणी याहून कढत होतं रे."

"तेव्हा तुझे पाय नवे होते," मी म्हणालो.

आता प्रश्न राहिला तो नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचा. भाच्याला वाटत होते की यंदा पहाटे सगळ्यांनी टबातच उतरावे. ताईने ते साफ धुडकावले. अंगाला तेल आणि उटणे लावून टबात उतरले तर गाळणीचा चिखल होईल, फवारे तुंबतील आणि वर फेस येईल. माहितीपत्रकातही हेच छापले होते, पण ती वाचून बोलत नव्हती. तिचा हुकूम असा सुटला आहे की पेणचा तांब्याचा बंब माळ्यावरून काढून, चिंचेने घासून, मी वसुबारसेच्या गाडीने रोह्याला घेऊन यावा. येताना पेणचे पातळ पोहेही आणावेत, चिवड्याला. बंब गाडीत कसा चढवायचा याचा विचार मी अजून करतो आहे. विसण कोण घालणार हे मात्र ठरले आहे.