निबंधातलं पाणी गोड, गावातलं खारं

मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी शालेय निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. आम्ही दोघं होतो, मी आणि मराठीचे एक निवृत्त सर. विषय होता 'पाणी'. आठवी ते दहावीचे ६२ निबंध.

पहिला उघडला. 'पाणी म्हणजे जीवन.' दुसरा उघडला. 'पाणी म्हणजे जीवन.' विसाव्यानंतर मोजणं सोडून दिलं. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापला आहे हे सगळ्यांना पाठ. मग खळखळणारे झरे, निळाशार समुद्र, हिरवा शालू नेसलेली धरती, आणि शेवटी 'चला तर मग, आपण सर्व मिळून शपथ घेऊया'. चिखलदऱ्याची सहल सोडली तर यातल्या किती पोरांनी झरा पाहिला असेल?

ही सगळी पोरं पूर्णाकाठची. अकोला, अमरावती, बुलडाण्यातून जाणारा खारपाणपट्टा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. विहीर खणली तर खारं, हापशी मारली तर खारं. ज्या लेकरांचा अर्धा दिवस पाण्यापायी जातो, त्यांच्या निबंधात त्या पाण्याचा थेंब नाही.

४३ वा का ४४ वा निबंध एका नववीच्या मुलीचा होता. पहिलंच वाक्य असं, की आमच्या घरी दोन माठ आहेत, एक पाव्हण्यांचा आणि एक आमचा. पाव्हण्यांच्या माठात नळाचं गोड पाणी, आमच्या माठात हापशीचं. हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून आई डाळीपुरतं पाव्हण्यांच्या माठातून घेते आणि तेवढं कमी झालेलं आजीला बरोबर दिसते. नळ आला त्या दिवशी शाळेत पोरी कमी असतात, पोरं तेवढीच असतात. आणि मावशीने आईला सांगितलेलं एक वाक्य तिने तसंच्या तसं लिहिलं होतं, की 'पोरगी या पट्ट्यात देजो नको.' दोन ठिकाणी 'मले' लिहून खोडून 'मला' केलं होतं. सुविचार एकही नाही. शपथ नाही.

मी तो निबंध दोनदा वाचला आणि सरांकडे सरकवला. सर म्हणाले, सुरुवात नाही, शेवट नाही, अलंकारिक भाषा नाही, बोलीभाषा आली आहे, शुद्धलेखनाच्या नऊ चुका. मी म्हटलं, सर, पण खरं लिहिलंय. ते म्हणाले, खरं लिहायला ती बातमी आहे का? अर्धा तास वाद झाला. शेवटी तिसरा नंबर ठरला. पहिला नंबर निळ्याशार समुद्राला गेला.

सरांना मी व्हिलन करत नाही. भला माणूस. तीस वर्षं त्यांनी जे शिकवलं तेच ते तपासत होते. आणि वर्गात साठ पोरं, वरून सर्वेक्षणं, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं. साठ निबंध लाल पेनने कधी तपासायचे? फळ्यावर एक लिहून दिला की सगळ्यांचं काम झालं. मायबापही खूश, वही भरलेली दिसते.

पण बोर्ड असं लिहा म्हणतं का? दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका काढून पाहा. ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला, त्यातले ८ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यापैकी एकाला. 'प्रश्नपत्रिका' जाऊन 'कृतिपत्रिका' आली ती घोकंपट्टी थांबावी म्हणूनच. पोराने स्वतःचं काहीतरी लिहावं हाच हेतू. आपण काय केलं? कृतिपत्रिकेचंही गाईड काढलं. आता 'तुम्ही पाहिलेला प्रसंग' हाही पाठ करून येतात.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते शेतकऱ्याचं मनोगत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं पोरगं, आणि लिहिते काय, तर 'मी या देशाचा पोशिंदा, काळ्या आईचा लेक, सर्जा-राजा माझे सोबती.' अरे, तुझ्या घरी सर्जा-राजा विकून किती वर्षं झाली? खरेदी केंद्रावर सोयाबीनची ओल १२ टक्क्यांच्या वर निघाली म्हणून बाप पोती घेऊन वापस आला, त्या रात्री तो जेवला का? बोंडअळीनं कापूस गेला तेव्हा तुझ्या बहिणीच्या फीचं काय झालं? हे तुला माहीत आहे, गाईड लिहिणाऱ्याला माहीत नाही. तरी तू त्याचं उतरवतो.

याची किंमत पुढे भरावी लागते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आधी बहुतेक पेपरांत गोळे काळे केले की भागत होतं, आता निबंधाचाच स्वतंत्र पेपर आहे, २५० गुणांचा. अमरावतीच्या अभ्यासिकांमध्ये बसलेली आपली पोरं हुशार आहेत, राज्यघटनेची कलमं झोपेत सांगतात. पण कोऱ्या कागदावर स्वतःचं एक मत चार पानं चालवा म्हटलं की हात थांबते. मग पुन्हा क्लास, पुन्हा फी. जे आठवीत फुकट शिकता आलं असतं ते चोविसाव्या वर्षी पैसे मोजून शिकायचं.

आणि आपल्याकडे निबंधाची परंपरा काय समुद्र-सूर्योदयाची आहे का? पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी पोरीचा निबंध! आज १७० वर्षांनंतरही वाचला जातो, कारण तिने आपल्याच वस्तीचं लिहिलं. आणि आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त बायकांची बदनामी सुरू झाली, ते वाचून बाई चिडल्या आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून मोकळ्या झाल्या. भाषा कशी, तर समोर बसून भांडल्यासारखी. आमच्या सरांनी तपासली असती तर तिसरा नंबरही भेटला नसता.

आता कोणी म्हणेल, मग काय बोर्डाचा पेपर वऱ्हाडीत लिहायचा? नाही. प्रमाण मराठी यायलाच पाहिजे, 'मले'चं 'मला' व्हायलाच पाहिजे. त्या नऊ चुकांचे मार्क कापले त्याला माझी हरकत नव्हती. पण आधी सांगायला काही असू द्या, चुका मागून दुरुस्त होतात. शेजारचा दहावीतला पोरगा माझ्याकडे येते, त्याला मी एवढंच करायला लावतो. आधी तोंडी सांग, तुझ्या बोलीत, मायला सांगतो तसं. मग तेच लिही. मग पहिला परिच्छेद खोडून टाक, कारण तो बहुतेक वेळा गाईडचाच असतो. मग मोठ्याने वाच, जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य तोड. माणूस बोलला तर अवतरणात त्याचीच बोली राहू दे. शुद्धलेखन शेवटी. पहिल्या महिन्यात तो अर्ध्या पानावर संपायचा. आता थांब म्हणावं लागते.

आम्ही पत्रकारही धुतल्या तांदळाचे नाही. बातमीलेखन दहावीत ५ गुणांना आहे आणि पोरं लिहितात, 'कार्यक्रम उत्साहात संपन्न'. कुठून शिकली? आमच्याच पेपरातून. माझ्या नावानेच अशा शे-दोनशे बातम्या निघतील.

बक्षीस वाटपाला ती मुलगी भेटली. म्हटलं, छान लिहिलं बेटा. ती म्हणाली, "काका, मांगच्या वर्षी मी पाठ केलेला लिवला होता, त्याले पहिला नंबर भेटला होता." यावर मला पटकन काही सुचलं नाही. म्हटलं, तुझा निबंध मी पेपरात छापू का?

तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छापा. पण मावशीचं तेवढं काहाडा काका. मावशी पेपर वाचते."