काढा घ्याल, पण शिसं येतं कुठून ते आधी पाहा

शिसं अंगात गेलं तर मुनग्याचा पाला खा, आवळ्याचा रस घ्या, असं हल्ली अमरावती-अकोल्याकडे बरंच ऐकू येतं. सांगणारे तुमच्या भल्याचंच सांगतात. तरी थोडं थांबा.

मुनगा, आवळा अशांच्या अर्कांचे बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेत. शिसं दिलेल्या उंदरांचं यकृत या अर्कांनी काहीसं सावरलं. माणसांवरचं काम थोडं आहे. इराणमध्ये बॅटरी कारखान्यातल्या कामगारांना लसूण दिला, तेव्हा रक्तातलं शिसं उतरलं. 2012 साली ते छापून आलं. पण तो लसूण मोजून दिलेला होता. तुमच्या पातेल्यातला काढा कोण मोजतं?

आता शिसं येतं कुठून ते पाहू. मारुतीरायाचा शेंदूर हा मूळचा शिशाचाच रंग. देवाला जरूर वाहा. मग हात साबणानं धुवा, त्याशिवाय लेकराला घास भरवू नका. डबी उंच फळीवर ठेवा. सुरम्यातही शिसं असू शकतं, तो लेकराच्या डोळ्यांत घालू नका.

पोळ्याला बैलांची शिंगं साळता, तेव्हा जुन्या रंगाचा भुगा उडतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. शिंगं ओली करून घासा. तोंडाला दुपट्टा बांधा. पोरांना लांब बसवा. खाली पडलेला भुगा झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

बॅटरीचं काम करत असाल तर कपडे बाहेरच बदला आणि वेगळे धुवा.

खारपाणपट्ट्यातल्या घरांनी एक ध्यानात ठेवावं. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण क्षार आणि धातू तसेच राहतात. पाणी आटलं की ते आणखी दाट होतात.

मग मुनगा कशाला? जेवणासाठी! उपाशीपोटी शिसं जास्त मुरतं. अंगात लोह, कॅल्शियम पुरेसं असलं की शिसं कमी शिरतं. म्हणून लेकराला वेळेवर जेवू घाला. मुनग्याच्या पाल्याची भाजी, वरून लिंबू, तीळ, ताक, दूध द्या.

बिनलेबलाची भस्माची पुडी मात्र घेऊ नका. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ही 2004 सालची गोष्ट.

पोटात सारखी कळ येते, रक्त कमी झालंय, लेकरू मागे पडतंय असं वाटलं तर अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात दाखवा. रक्तातलं शिसं तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. घरात कोण काय काम करतं ते सांगा. काढ्याची पुडीही सोबत न्या, लपवू नका.